ऊर्जा ‘अक्षय्य’ असते म्हणजे काय?

विज्ञानाच्या पुस्तकात ऊर्जेचा पाठ आला की विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही थोडे निर्धास्त होतात. व्याख्या एका ओळीची, प्रकारांची यादी पाठ करण्याजोगी, उदाहरणे ओळखीची आणि शेवटी एक भारदस्त नियम. परीक्षेत गुणही हमखास मिळतात. या सोप्या समजल्या जाणाऱ्या पाठाची तपासणी करण्याचा या लेखाचा हेतू आहे. कोणा एका इयत्तेच्या किंवा एका वर्षाच्या पुस्तकाविषयी ही तक्रार नाही. पुस्तके बदलली, चित्रे रंगीत झाली, तरी मांडणी मात्र पिढ्यानपिढ्या तीच राहिली आहे. तिच्याविषयी हे लिहीत आहे. म्हणणे थोडक्यात असे, की ऊर्जा अक्षय्यतेचा नियम हा मुळात हिशेबाचा नियम आहे आणि आपल्या पाठात नेमका हिशेबच नसतो.

तपासणीसाठी एखादे गाव डोळ्यांसमोर असले तर बरे. बारामती तालुक्यातील लोणी भापकर घेऊ. बारामती म्हटले की बाहेरच्या माणसाला कालवा आणि ऊस आठवतो. पण नीरा डाव्या कालव्याचे पाणी उताराने वाहते. ते कालव्याच्या खालच्या अंगाच्या रानात जाते, वरच्या अंगाला आपणहून चढत नाही. तालुक्याचा वरचा पट्टा त्यामुळे जिरायती राहिला. लोणी भापकर या पट्ट्यातले. जुनी दगडी पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प यांमुळे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, पण तिथल्या शेतकऱ्याचा रोजचा प्रश्न पाण्याचा आहे. आणि पाण्याचा प्रश्न हा बराचसा उंचीचा, म्हणजेच ऊर्जेचा प्रश्न आहे. पाठातली विधाने अशा गावातल्या नववीच्या वर्गात नेली तर काय होते, ते पाहू.

नावातच अर्धा अर्थ

प्रथम नियमाचे नाव घेऊ. ‘अक्षय्य’ म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. या शब्दाबरोबर मराठी मुलाच्या मनात दोन गोष्टी येतात: अक्षय्य तृतीया आणि द्रौपदीची थाळी. सूर्याने दिलेल्या त्या थाळीतून कितीही जण जेवले तरी अन्न संपत नसे. म्हणजे काढत राहावे आणि कमी पडू नये, हा ‘अक्षय्य’चा रूढ अर्थ.

भौतिकशास्त्रातील नियम याच्या बरोबर उलट सांगतो. अशी थाळी असू शकत नाही, हेच तर त्याचे म्हणणे! जेवढे बाहेर काढाल तेवढे आत कमी होईल. एका ठिकाणी ऊर्जा वाढली तर दुसऱ्या कोणत्या तरी ठिकाणी ती तेवढीच घटलेली असली पाहिजे. नियमाला दोन बाजू आहेत: एकूण बेरीज घटत नाही आणि एकूण बेरीज वाढतही नाही. ‘अक्षय्य’ या शब्दात पहिली बाजू येते, दुसरी येत नाही. आणि व्यवहारात फसवणूक होते ती नेहमी दुसऱ्या बाजूने.

गोंधळ इथेच थांबत नाही. सूर्य आणि वारा यांच्यापासून मिळणाऱ्या ऊर्जेला सरकारी हिंदीत ‘अक्षय ऊर्जा’ म्हणतात आणि फलकांवरून हा शब्द मराठीतही आला आहे. तिथे अर्थ वेगळा आहे: पुन:पुन्हा उपलब्ध होणारी ऊर्जा. त्याशिवाय १४ डिसेंबरला शाळांतून ‘राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन’ साजरा होतो. संवर्धन म्हणजे वाढ. एकाच मुलाला आपण सांगतो, की ऊर्जा कधी कमी होत नाही, सूर्याची ऊर्जा तेवढी अक्षय आहे, आणि ऊर्जा वाढवण्यासाठी दिवस पाळला पाहिजे! तीन शब्द, तीन अर्थ, आणि त्यांतला फरक सांगणारे वाक्य बहुधा कुठेच नाही.

परिभाषा बदलावी असे मी सुचवत नाही. ‘अक्षय्यता’ हा शब्द आता रुळला आहे. संवेगाच्या नियमातही तोच आहे. मात्र शिक्षकाने शब्दाची ही अर्धी बाजू पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावी: घटत नाही आणि वाढतही नाही. थाळीची कथा जरूर सांगावी. पण नियम काय म्हणत नाही याचे उदाहरण म्हणून.

रूपांची यादी

पाठात पुढे यादी येते: यांत्रिक, उष्णता, प्रकाश, ध्वनी, विद्युत, रासायनिक, अणुऊर्जा. ऊर्जा ‘रूप’ बदलते, असे आपण म्हणतो. रूप म्हटले की अवतार आठवतात; वराह झाला, वामन झाला, पण मागचा विष्णू एकच. मुलांनाही असेच वाटते, की ऊर्जा नावाचा कुणी एक पदार्थ आहे आणि तो वेष बदलत हिंडतो. वास्तविक वेषामागे असा कोणताही पदार्थ सापडलेला नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१-६२ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत हे मोकळेपणाने सांगितले होते. उंचीवरून एक संख्या काढता येते, वेगावरून दुसरी, तापमानातील फरकावरून तिसरी; अशा सर्व संख्यांची बेरीज घटनेच्या आधी आणि नंतर सारखी भरते, एवढेच निसर्ग आपल्याला सांगतो. ऊर्जा ही वस्तूपेक्षा खात्यातल्या रकमेसारखी आहे. रोख, धान्य, जनावर यांची किंमत एका मापात मांडून बेरीज करावी, तसे.

यादीचा दुसरा दोष असा, की तिच्यात सर्व रूपे एका रांगेत, जणू एकाच तोलाची, उभी असतात. विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घेऊ. समजा, मोटार मीटरमधून ५ किलोवॉट शक्ती घेते आणि दर सेकंदाला १० लिटर पाणी ३० मीटर वर चढवते. १० किलोग्रॅम × ९.८ × ३० म्हणजे सेकंदाला २९४० ज्यूल, अर्थात २.९४ किलोवॉट. ही रक्कम पाण्याच्या उंचीच्या खात्यात जमा झाली. पाणी पाइपातून सेकंदाला २ मीटर वेगाने बाहेर पडत असेल तर त्याची गतिज ऊर्जा सेकंदाला अवघी २० ज्यूल. मोटारीचा आवाज अर्ध्या शिवारात ऐकू जातो. तरी त्याच्या खात्यात एक वॉटही भरत नाही. उरलेले सुमारे दोन किलोवॉट कुठे गेले? तारांच्या वेटोळ्यांत, बेअरिंगमध्ये, पंपातल्या भोवऱ्यांत आणि पाइपाच्या घर्षणात; म्हणजे बहुतेक सगळे उष्णतेत.

असा तक्ता एकदा केला की मुलाला जे कळते ते दहा वेळा यादी म्हणून कळत नाही. ध्वनी हे ऊर्जेचे रूप आहे हे खरे, पण या ताळेबंदात ते चिल्लर आहे. आणि उष्णता हे यादीतले नुसते एक नाव नसून जवळपास प्रत्येक खर्चाचा शेवटचा मुक्काम आहे.

डोक्यावरची घागर

‘कार्य’ शिकवताना एक प्रश्न हमखास विचारला जातो. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल ओझ्यावर किती कार्य करतो? उत्तर: शून्य, कारण बल वरच्या दिशेने आणि विस्थापन आडवे.

उत्तर बरोबर आहे. पण जिरायती गावातल्या मुलीला ते कसे वाटत असेल, याचा विचार कधी होतो का? टँकर लांब उभा असतो, तिथून ती स्वत: घागर आणते, आई आणते. विज्ञान तिला सांगते, की तुझे कार्य शून्य. एक तर तिला विज्ञान खोटे वाटते, किंवा आपले कष्ट. दोन्ही वाईट.

पाठाचा दोष असा, की तो इथेच थांबतो. पुढचे वाक्य असे हवे: घागरीचा हिशेब शून्य आहे, वाहणाऱ्या व्यक्तीचा नाही. १५ लिटरची भरलेली घागर पुष्करणीच्या पायऱ्यांवरून, समजा, ५ मीटर वर आणली, तर घागरीच्या खात्यात सुमारे ७३५ ज्यूल जमा होतात. पण ५० किलोग्रॅमच्या बाईला स्वत:चे शरीरही वर न्यावे लागते. त्याचे आणखी २४५० ज्यूल. शिवाय आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच अशा कामात उतरवू शकतात. बाकीची शरीर तापवते. तेव्हा प्रत्यक्ष खर्च १२ ते १३ हजार ज्यूलच्या घरात जातो. सपाट रस्त्याने एक किलोमीटर चालणे याहून महाग आहे. घागर घेऊन तेवढे अंतर चालायला अंदाजे ५० किलोकॅलरी, म्हणजे दोन लाखांहून अधिक ज्यूल लागतात. प्रत्येक पावलाला शरीर किंचित वर-खाली होते, पाय वेग घेतात आणि थांबतात, स्नायू ताणलेले राहतात. हे सगळे भाकरीतून येते आणि उष्णता होऊन जाते. घाम ही त्या व्यवहाराची पावती.

इतके सांगितले तर ‘शून्य’ हा अपमान राहत नाही; कोणत्या खात्याचा हिशेब मांडतो आहोत ते आधी ठरवावे लागते, हा मोलाचा धडा होतो.

जमिनीपाशी थांबलेला दगड

नियम सिद्ध करण्यासाठी पाठात मुक्तपणे पडणारी वस्तू येते. वर स्थितिज ऊर्जा पूर्ण, मध्ये थोडी स्थितिज थोडी गतिज, खाली सगळी गतिज. तिन्ही ठिकाणी बेरीज सारखी. गणित सुबक आहे. पण ते दगड जमिनीला टेकण्याच्या क्षणी थांबते. वर्गातल्या चौकस मुलाचा प्रश्न तिथेच सुरू होतो: दगड पडला, निपचित झाला, आता ऊर्जा कुठे आहे?

हा प्रश्न पोरकट नाही. थोरामोठ्यांना त्याने दीडशे वर्षे सतावले. पडणाऱ्या वस्तूच्या वेगाचा आणि उंचीचा संबंध सतराव्या शतकापासून माहीत होता. पण घर्षणात आणि टकरीत ती गती ‘नाहीशी’ होते असेच दिसे. १८४० मध्ये एका डच जहाजावर डॉक्टर म्हणून जावाला गेलेल्या युलियुस मायर यांना खलाशांच्या शिरांतले रक्त नेहमीपेक्षा अधिक लाल दिसले. उष्ण प्रदेशात शरीर गरम ठेवायला कमी जाळावे लागते, असे त्यांनी ताडले. आणि तिथून अन्न, उष्णता व श्रम यांचा एकच हिशेब असावा, या विचारापर्यंत ते आले. १८४२ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. मँचेस्टरच्या जेम्स ज्यूल यांनी वजने खाली उतरवून पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते वर्षानुवर्षे मोजले. १८५० मध्ये त्यांनी दिलेला आकडा आजच्या मापात सांगायचा तर असा: पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला ते सुमारे ४२४ मीटर उंचीवरून पडावे लागेल. १८४७ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी या सर्वांना एका गणिती सूत्रात बांधले.

ही संख्या वर्गात सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे ‘नाहीशी’ झालेली ऊर्जा इतकी वर्षे कुणाला का दिसली नाही ते कळते. १० मीटरवरून विहिरीत पडलेले पाणी जेमतेम अंशाच्या चाळिसाव्या भागाने तापते. असा फरक हाताला कळणार नाही. साध्या तापमापीलाही नाही. ज्यूल यांचे मोठेपण वल्ह्यांत नव्हते, अंशाचे असे बारीक भाग मोजण्याच्या चिकाटीत होते. आपल्या पाठात मात्र ज्यूल हे केवळ एका एककाचे नाव उरले आहे.

मग बचत कशासाठी?

आता सर्वांत अवघड प्रश्न. ऊर्जा नष्टच होत नसेल, तर ती वाचवायची कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला पाठात उत्तर मिळत नाही. बहुतेक वेळा ‘गप्प बस’ असे मिळते.

उत्तर देण्यासाठी एक युनिट वीज घेऊ. म्हणजे ३६ लाख ज्यूल. हे एक युनिट १००० लिटर पाणी आदर्श स्थितीत ३६७ मीटर उंच नेऊ शकते. तेच युनिट त्याच १००० लिटर पाण्यात हीटर टाकून खर्च केले, तर पाणी एका अंशानेही तापत नाही, ०.८६ अंशाने तापते. हिशेबाच्या दृष्टीने दोन्हीकडे ३६ लाख ज्यूल जमा आहेत. पण उंचावरचे पाणी टर्बाइनमधून सोडले तर बरीचशी वीज परत येते. किंचित कोमट पाण्यातून जवळजवळ काहीच परत येत नाही. रक्कम तीच, एक खाते चालू, दुसरे गोठलेले. बचत करायची ती रकमेची नव्हे, तर रकमेच्या या उपयुक्ततेची. हा उष्मागतिकीचा दुसरा नियम. त्याचे नाव शाळेत घेतले नाही तरी चालेल, पण ही दोन वाक्ये सांगितल्याशिवाय पहिला नियम शिकवू नये. ‘कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा’ ही व्याख्याही इथेच लंगडी पडते: समुद्रात अफाट ऊर्जा उष्णतेच्या रूपात आहे, पण जवळ थंड जागा नसेल तर तिची कार्य करण्याची क्षमता शून्य.

पुणे जिल्ह्यात या नियमाचा मोठा खेळ रोज चालतो. मुळशीचे पाणी नैसर्गिक उताराने मुळा, मुळा-मुठा आणि भीमेतून पूर्वेला गेले असते. टाटांच्या योजनेत ते सह्याद्रीच्या पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे आणले जाते. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. या धरणासाठी जमिनी गेलेल्यांचा, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह १९२१ ते १९२४ या काळात गाजला. ५०० मीटर खाली येणाऱ्या प्रत्येक १००० लिटरमागे जास्तीत जास्त १.३६ युनिट मिळू शकतात. आणि त्याच भीमेच्या खोऱ्यात, बारामतीच्या जिरायती पट्ट्यासाठी आखलेल्या जनाई-शिरसाई व पुरंदर या उपसा योजनांत पाणी पंपाने वर चढवावे लागते. दर १०० मीटरला, १००० लिटरमागे, कमीत कमी ०.२७ युनिट. एक एकर रानाला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे म्हणजे सुमारे दोन लाख लिटर; ते १०० मीटर चढवायला निदान ५५ युनिट, आणि पंप-पाइपांची गळती धरली तर नव्वदीच्या आसपास. पाणी एका बाजूला पाडून पैसे मिळतात, दुसऱ्या बाजूला चढवून पैसे जातात. पाठात धरणाकडून विजेकडे जाणारे चित्र असते. विजेकडून शेताकडे चढणारे पाइप क्वचितच दिसतात. लोणी भापकरच्या मुलाला मात्र दुसरे चित्र पहिल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

उपसा योजना कोणी चालवावी, बिल कोणी भरावे, कोणते पीक घ्यावे, हे धोरणाचे प्रश्न आहेत आणि त्यांवर मतभेद असणारच. पण त्या वादात ०.२७ हा आकडा कोणालाही बदलता येत नाही. पंप सुधारता येईल, गळती कमी करता येईल. किमान खर्चाच्या खाली जाता येणार नाही. ज्या नागरिकाला हे कळते त्याला भलती आश्वासने देणे कठीण जाते.

हिशेब जुळला नाही तर

या नियमाची खरी ताकद हिशेब जुळत नाही तेव्हा दिसते. काही अणूंच्या केंद्रकांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना थोडी ऊर्जा गायब होते असे १९२० च्या दशकात दिसले. नियमच सोडून द्यावा काय, असा विचार नील्स बोर यांच्यासारख्यांनीही केला. व्होल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये उलट सुचवले, की कोणाला न दिसणारा एक कण ती ऊर्जा घेऊन जात असावा. हा न्यूट्रिनो १९५६ मध्ये प्रयोगात सापडला. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. खात्यात तूट दिसली म्हणून खातेच फाडले नाही. हरवलेला खातेदार शोधला.

हीच सवय रोजच्या जीवनात हवी. १९९६ मध्ये तामिळनाडूतून वनस्पती आणि पाण्यापासून पेट्रोल बनवल्याचा दावा देशभर गाजला. पुढच्या तपासणीत तो टिकला नाही. पाण्यावर चालणारी मोटार, स्वत:लाच वीज पुरवून उरलेली वाटणारा जनरेटर, अशा बातम्या अजून येतात. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. एका अर्थी ती राखच आहे. राखेतून पुन्हा जाळ काढायचा तर आधी तेवढीच ऊर्जा भरावी लागते. अशा यंत्रापुढे उभे राहून ‘जमा कुठून झाली?’ एवढा एक प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, तर पाठ सार्थकी लागला.

वर्गात काय करता येईल

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक मीटर लांबीच्या प्लॅस्टिकच्या पाइपात सायकलच्या बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या अर्धा-एक किलो भराव्यात, दोन्ही टोके बुचाने बंद करावीत आणि पाइप शंभर वेळा उलटा-सुलटा करावा. आधी व नंतर गोळ्यांचे तापमान दशांशापर्यंत मोजावे. हिशेबाने वाढ दोन अंशांच्या आसपास यायला हवी. प्रत्यक्षात कमी येईल. ती का कमी आली, याची चर्चा म्हणजेच धडा: पाइप तापला, हवा तापली, गोळ्या पूर्ण उंचीवरून पडल्या नाहीत. जमिनीपाशी थांबलेला दगड इथे पुढे चालू लागतो.

दुसरे काम घरचे. गावातल्या एखाद्या पंपाचे तासाभरातले युनिट मीटरवरून लिहून आणावेत, टाकी किती वेळात भरते ते पाहावे, उंची दोरीने मोजावी आणि वरच्यासारखा जमाखर्च मांडावा. प्रत्येक गटाची कार्यक्षमता वेगळी येईल. चाळीस टक्के आली त्या पंपाचा मालक दुसऱ्या दिवशी स्वत: शाळेत चौकशीला आला, तर आश्चर्य वाटायला नको.

आणि परीक्षेत? ‘ऊर्जेची पाच रूपे लिहा’ या प्रश्नाऐवजी एखादा अपुरा ताळेबंद द्यावा आणि विचारावे: यात कोणते खाते राहून गेले आहे?